मुलांना या पेचात टाकू नका : मंडळीच्या कमिटीला खुलं पत्र

आदरणीय पाळकसाहेब, सेक्रेटरीसाहेब आणि कमिटीतले सर्व वडील व भगिनी,

ख्रिस्तामध्ये सलाम.

पृथ्वी सहा हजार वर्षांचीच आहे असं मुलांना शिकवू नका, बायबल की विज्ञान अशा पेचात त्यांना टाकू नका, हे मी कमिटीला दोनदा लेखी कळवलं, जूनमध्ये एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा. पोच दोन्ही वेळा मिळाली, उत्तर एकदाही आलं नाही. उपासनेनंतर दाराशी विचारलं तर “बघू, मीटिंगमध्ये घेऊ” एवढंच ऐकायला मिळालं. म्हणून आता उघड लिहिते आहे. आपल्या मंडळीतल्या आईबापांनी हे वाचावं, आणि दुसऱ्या गावांतल्या मराठी ख्रिस्ती लोकांनीही वाचावं. सुट्टीत पाहुणे येतात तेव्हा त्यांच्याकडूनही मला असंच काही ऐकायला मिळतं.

मी कोण हे तुम्हाला ठाऊक आहे, बाहेरच्यांसाठी सांगते. १८९९-१९००च्या मोठ्या दुष्काळात माझे पणजोबा मिशनच्या आवारात आले, तेव्हापासून आमचं घराणं नगर जिल्ह्यातल्या याच मंडळीत आहे. माझा बाप्तिस्मा इथं झाला, लग्न इथं लागलं, यजमानांना शेवटचा निरोपही इथूनच दिला. एकतीस वर्षं हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवलं आणि चोवीस वर्षं रविवारी सकाळी शब्बाथ शाळेचा वर्ग घेतला. आठवड्याचे सहा दिवस एका फळ्यासमोर आणि सातव्या दिवशी दुसऱ्या फळ्यासमोर उभी राहिले. दोन्हीकडे मी तीच बाई होते. एका फळ्यावर खरं आणि दुसऱ्यावर खोटं, असं लिहायची वेळ माझ्यावर कधी आली नाही.

मे महिन्यात सुट्टीतली बायबल शाळा झाली. यंदा पाठ आपल्या शिक्षकांनी घ्यायचे नाहीत, हिंदीत डब केलेले अमेरिकन व्हिडिओ दाखवायचे, असं ठरलं होतं. तिसऱ्या दिवशीच्या व्हिडिओत आदामाची मुलं डायनोसोरच्या पाठीवर बसलेली होती. पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे, आणि याहून वेगळं शिकवणारा माणूस देवाच्या वचनाला खोटं ठरवतो, असं त्यात सांगितलं. व्हिडिओ संपल्यावर पाहुण्या वक्त्यांनी मुलांना विचारलं, “तुमचा विश्वास बायबलवर आहे की सायन्सच्या पुस्तकावर? बायबलवर असेल त्यांनी हात वर करा.” एका मुलाने हात वर केला नाही. त्याला पुढे बोलावून सगळ्यांसमोर कारण विचारलं. तो काही बोलला नाही.

संध्याकाळी तो माझ्याकडे आला. दहावीत जाणारा मुलगा. बोर्डाच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे आणि सुट्टीतल्या क्लासमध्ये तो शिकवून झाला होता. ओट्यावर बसून चपलेचा पट्टा ओढत तो म्हणाला, “बाई, पेपरात धड्यातलं लिहिलं तर येशूला सोडल्यासारखं होईल का?”

पंधरा वर्षांच्या पोराला हा प्रश्न पडला आणि तो आपण पाडला, याचं मला फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

मी कमिटीकडे तक्रार केली. त्यानंतर शब्बाथ शाळेच्या सर्व शिक्षकांना एक फॉर्म देण्यात आला. सृष्टी चोवीस तासांच्या सहा दिवसांत, सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी घडली असं मी मानते, अशी त्याची शब्दरचना होती. मी सही केली नाही. पुढच्या रविवारी यादीत माझं नाव नव्हतं. वर्ग गेला याचं दुःख आहे, पण या पत्राचा विषय तो नाही. सही न केल्यामुळे मला अविश्वासू ठरवलं गेलं, आणि त्या मुलालाही तसंच ठरवलं गेलं. त्याबद्दल मला बोलायचं आहे.

पहिलं म्हणजे सहा हजार हा आकडा. पवित्र शास्त्रात तो कुठेही लिहिलेला नाही. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी वंशावळ्यांतली वयं आणि राजांच्या कारकिर्दी यांची बेरीज मांडली आणि सृष्टीचा आरंभ इसवी सनापूर्वी ४००४ मध्ये, ऑक्टोबर महिन्यात झाला असा हिशेब १६५० साली छापला. माणूस विद्वान होता, त्याच्या काळातल्या साधनांनी त्याने प्रामाणिक काम केलं. पुढे १७०१पासून इंग्रजी बायबलच्या समासात ही सालं छापली जाऊ लागली आणि समासातला आकडा लोकांना वचनासारखा वाटायला लागला. आपण शिक्षकांकडून सही मागतो ती समासावर.

सगळे जुने विश्वासणारे असंच मानत होते, हेही खरं नाही. तिसऱ्या शतकात ओरिगेन या ख्रिस्ती पंडिताने विचारलं होतं की सूर्य चौथ्या दिवशी झाला, तर पहिल्या तीन दिवसांची संध्याकाळ आणि सकाळ कशी झाली? पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टीनने उत्पत्तीवर, म्हणजे बायबलच्या पहिल्या पुस्तकावर, मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने बजावून ठेवलं आहे की आकाश, पृथ्वी आणि ग्रहतारे यांबद्दल बाहेरच्या माणसालाही नीट माहिती असते, आणि ख्रिस्ती माणूस शास्त्राचा हवाला देऊन त्याविषयी काहीबाही बोलू लागला तर पुनरुत्थानाविषयीचं त्याचं बोलणं तरी कोण खरं मानेल? अमेरिकेत १९२५ साली टेनेसीतल्या डेटन गावात उत्क्रांती शिकवणाऱ्या शिक्षकावर खटला चालला. तिथे बायबलच्या बाजूने उभे राहिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनीसुद्धा साक्षीत कबूल केलं की उत्पत्तीतले दिवस चोवीस तासांचेच असले पाहिजेत असं नाही. आज आपल्या पडद्यावर जी शिकवण दिसते तिचा जोर १९६० नंतरच्या अमेरिकेतला आहे. ती आपल्या आजोबा-पणजोबांची शिकवण नव्हती.

आता उत्पत्तीचा पहिला अध्याय. तो मोठ्याने वाचून बघा. “संध्याकाळ झाली, सकाळ झाली” हे शब्द प्रत्येक दिवसाच्या शेवटी पुन्हा येतात. मराठी माणसाला हे काय आहे ते वेगळं सांगायला नको. आपण ओव्यांवर वाढलेली, अभंगाचं ध्रुपद ओठावर असलेली माणसं. फादर थॉमस स्टीफन्स यांनी सृष्टीची हीच कथा मराठीत ‘ख्रिस्तपुराणा’त सांगितली, १६१६ साली, आणि ती ओव्यांत सांगितली. अध्यायाची बांधणीही पाहा. पहिल्या तीन दिवसांत जागा तयार होतात आणि पुढच्या तीन दिवसांत त्याच क्रमाने त्या भरतात. पहिल्या दिवशी उजेड, चौथ्या दिवशी उजेड देणारे गोल. दुसऱ्या दिवशी आकाश आणि जळ, पाचव्या दिवशी पाखरं आणि मासे. तिसऱ्या दिवशी कोरडी भूमी, सहाव्या दिवशी तिच्यावरची जनावरं आणि माणूस. इतक्या काळजीने विणलेल्या वस्त्राला तुम्ही प्रयोगशाळेची नोंदवही म्हणता, तेव्हा त्याचा मान वाढत नाही.

वर्गात एक गोष्ट मी दरवर्षी दाखवायची. चौथ्या दिवशी सूर्य आणि चंद्र यांची नावं येत नाहीत. मोठी ज्योती आणि लहान ज्योती, एवढंच म्हटलं आहे. का? भोवतालच्या राष्ट्रांत सूर्य हा देव होता, चंद्र हा देव होता. बाबेलमध्ये त्यांची मोठमोठी देवळं होती. त्या लोकांमध्ये राहून यहुदी माणूस म्हणतो की तुम्ही ज्यांच्यापुढे लोटांगण घालता ते माझ्या देवाने टांगलेले दिवे आहेत, त्यांची नावं घेण्याचीही गरज नाही. केवढं धाडस आहे या ओळीत! मुलं हे ऐकून थक्क व्हायची. त्या ओळीचा खरा अर्थ हा आहे, आणि व्हिडिओत त्याच्यावर एक शब्दही नव्हता. सगळा वेळ डायनोसोरने घेतला.

कमिटीतल्या एका वडिलांनी मला मनापासून विचारलं होतं, “बाई, आज उत्पत्ती काव्य म्हणाल, उद्या पुनरुत्थानही काव्य म्हणाल.” प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देते. नाही म्हणणार. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या सुरुवातीलाच सांगतो की मी सगळ्या गोष्टींचा मुळापासून शोध केला आहे. पौल करिंथकरांना लिहिताना साक्षीदारांची यादी देतो. पाचशेहून अधिक बंधूंनी उठलेल्या प्रभूला पाहिलं आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, असं म्हणतो. म्हणजे जा आणि विचारा! हा साक्षीचा कागद आहे, आणि साक्षीचा कागद जसा वाचायचा तसाच मी तो वाचते. दाखला दाखल्यासारखा, स्तोत्र स्तोत्रासारखं, पत्र पत्रासारखं. माझा प्रभू तिसऱ्या दिवशी उठला यावर माझा पूर्ण विश्वास आहे. यजमानांच्या कबरेपाशी मी त्याच विश्वासावर उभी राहिले.

दुसरी तक्रार दगडाची आहे. आपलं चर्च काळ्या पाषाणाचं आहे. दक्षिणेकडच्या भिंतीत, तिसऱ्या खिडकीच्या खाली, एका चिऱ्यात पोकळी आहे आणि तिच्यात पांढरे चमकणारे स्फटिक आहेत. कितीतरी पिढ्यांच्या मुलांनी तिथं बोट घालून पाहिलं आहे. हा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्याची ही पोकळी झाली, आणि खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने तिच्यात हळूहळू हे स्फटिक वाढवले. घाटात जिथे रस्त्यासाठी डोंगर कापला आहे तिथे मी मुलांना सहलीला न्यायची. काळ्या थरांच्या मध्ये मध्ये विटेसारख्या लाल मातीचे पट्टे दिसतात. लाव्हा वाहिला, थंड झाला, ऊन-पावसाने त्याचा वरचा भाग झिजून माती झाली, आणि मग पुढचा लाव्हा येऊन ती माती भाजली. खडकाची माती व्हायला किती काळ लागतो हे नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला विचारा. असे थरावर थर चढून सह्याद्री उभा आहे. खडकातल्या पोटॅशियमचं ठरावीक गतीने अरगॉन होतं, त्यावरून आणि इतर पद्धतींनी या खडकांचं वय काढलं आहे. ते सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं येतं.

मुलाला तुम्ही सांगता की बायबल खरं मानायचं तर हा दगड खोटा मान. पण दगडही त्याच देवाने केला. “आकाश देवाचा महिमा वर्णिते” असं स्तोत्रकर्ता म्हणतो. जे आकाश साक्ष देतं त्याची साक्ष खोटी कशी असेल?

तिसरी गोष्ट व्यासपीठावरून सांगितल्या जाणाऱ्या फॉरवर्डची. गेल्या वर्षभरात मी तीन मोजल्या. यहोशवाच्या प्रार्थनेने सूर्य थांबला असं बायबल सांगतं, त्या वेळचा हरवलेला दिवस नासाच्या कॉम्प्युटरला सापडला, ही पहिली. असं काही झालेलं नाही. नासाच्या गोडार्ड केंद्राने ते केव्हाच नाकारलं आहे. साधा विचार केला तरी कळतं की त्या दिवसाच्या आधीची ग्रहांची स्थिती कुणी स्वतंत्रपणे लिहून ठेवलेली असल्याशिवाय मधला दिवस गहाळ झाल्याचं कोणतंही यंत्र सांगू शकत नाही. पृथ्वी सहा हजार वर्षांची मानणाऱ्या अमेरिकी लोकांनीही ही गोष्ट वापरू नका असं आपल्या माणसांना सांगितलं आहे. आपण ती इस्टरनंतरच्या दुसऱ्या रविवारी सांगितली.

दुसरी म्हणजे नेफिलीमच्या, म्हणजे उत्पत्तीतल्या महाकाय माणसांच्या, राक्षसी सांगाड्याचा फोटो. तो २००२ साली फोटोंत फेरफार करण्याच्या एका स्पर्धेसाठी बनवलेला आहे. मूळ फोटो अमेरिकेतल्या हाइड पार्क इथल्या उत्खननाचा, आणि तिथे निघाली होती हत्तीच्या कुळातल्या मॅस्टोडॉनची हाडं. हाच फोटो आपल्या देशात घटोत्कचाचा सांगाडा म्हणून फिरला आणि अरब देशांत कुराणातल्या आद लोकांचा म्हणून फिरला. तिसरी, डार्विनने मरताना पश्चात्ताप केल्याची. तो १८८२ साली वारला, ही कथा छापून आली १९१५ साली, आणि शेवटच्या आजारात जवळ असलेल्या त्याच्या मुलीने, हेन्रिएटाने, १९२२ मध्ये ती साफ नाकारली.

“खोटी साक्ष देऊ नको” ही दहा आज्ञांतली आज्ञा आहे. चांगल्या हेतूसाठी चालेल अशी सूट तिच्यात नाही.

चौथी गोष्ट लिहिताना हात जड होतो. लसीचे दिवस आठवा. लस म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकातली, प्रकटीकरणातली, श्वापदाची ६६६ ही खूण, असा व्हिडिओ आपल्याच युवक संघाच्या ग्रुपवर आला आणि कुणी तो काढायला सांगितलं नाही. ६६६ हा आकडा नीरो कैसराच्या नावातल्या इब्री (हिब्रू) अक्षरांच्या बेरजेशी जुळतो, आणि काही जुन्या हस्तलिखितांत तो ६१६ असा आहे. अभ्यासकांमध्ये हे सर्वांना माहीत आहे. छळ सोसणाऱ्या मंडळीला धीर देण्यासाठी लिहिलेलं ते पुस्तक आपण लोकांना सुईची भीती घालायला वापरलं. शिवाय, आजार बरे करण्याच्या प्रार्थनासभेनंतर आपल्यातल्या एका आजींनी डायबेटिसच्या गोळ्या बंद केल्या. पायाची जखम चिघळल्यावर मुलगा त्यांना घेऊन दवाखान्यात पळाला. त्या वाचल्या. त्यांच्यासाठी मीही गुडघे टेकले होते. प्रार्थना आणि गोळी यांत भांडण लावलं कुणी?

मिरजेत १८९४ साली मिशनचं हॉस्पिटल उभारणारे डॉ. वॉनलेस यांनी नाही लावलं. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला १९७० पासून गावोगावच्या, पुष्कळदा निरक्षर, बायकांना आरोग्यसेविका बनवणारे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी नाही लावलं. ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये याच नगरमधून निघाला आणि त्यात शुभवर्तमानाबरोबर भूगोल, खगोल आणि विज्ञान छापलं जायचं. त्याच काळात मिशनऱ्यांनी पुराणांतल्या भूगोलाची विज्ञानाच्या आधारे कडक तपासणी केली, हे इथं प्रामाणिकपणे सांगायला हवं. दुसऱ्याच्या ग्रंथाला जे माप लावलं ते आपल्या वाचनाला लावताना आपण मागे सरलो, तर शेजाऱ्यांना काय तोंड दाखवायचं? पंडिता रमाबाई इब्री आणि ग्रीक शिकल्या, आणि केडगावला मूळ भाषांवरून शास्त्राचं मराठी भाषांतर करण्यात त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षं घातली. एकेका शब्दासाठी त्या झिजल्या. त्यांच्या लेकरांनी डब केलेल्या व्हिडिओवर भागवावं, हे मला सहन होत नाही.

माझी बाजूही तपासून घ्या. विज्ञानाने देव सिद्ध करा असं मी म्हणत नाही. विश्वाचा आरंभ एका आद्य अणूपासून झाला ही कल्पना मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी त्या सिद्धांताचा संबंध उत्पत्तीशी जोडला, तेव्हा ते खुद्द लमेत्र यांना रुचलं नाही. सिद्धांत उद्या बदलला तर विश्वासाचं काय होणार, हे त्या भल्या माणसाला कळत होतं. वाटाण्याच्या रोपांवरून आनुवंशिकतेचे नियम शोधणारे मेंडेल मठवासी होते. मुलांना ही दोन नावं तरी सांगा. आणि ज्यांना सहा दिवस अक्षरशः सहा दिवसच वाटतात, त्यांच्याशी माझं भांडण नाही. माझी आई तसंच मानायची, आणि तिच्याइतका विश्वास मी दुसऱ्या कुणाचा पाहिलेला नाही. पण तिने कधी कुणाला सही करायला लावली नाही.

तेव्हा माझ्या मागण्या अशा आहेत.

शिक्षकांकडून घेतलेले फॉर्म रद्द करा. आपल्या मंडळीने प्रेषितांचा मतांगिकार आणि नायसियाचा मतांगिकार या विश्वासाच्या दोन जुन्या कबुल्या मानल्या आहेत, पृथ्वीचं वय त्या दोन्हींत नाही. तेवढी सही पुरेशी असू द्या.

सुट्टीतल्या बायबल शाळेचे आणि शब्बाथ शाळेचे पाठ आपल्या शिक्षकांनी, आपल्या भाषेत, आधी वाचून-तपासून घ्यावेत. बाहेरचा व्हिडिओ दाखवायचा असेल तर दोन शिक्षक आणि एका पालकाने तो आधी पूर्ण पाहावा.

व्यासपीठावरून विज्ञानाचं काही सांगायचं असेल तर ते खरं आहे का हे आधी कुणाला तरी विचारा. मंडळीत दोन डॉक्टर, एक इंजिनियर आणि शेतकी पदवीधर आहेत. त्यांना विचारलं तर आनंदच होईल. वर लिहिलेल्या तिन्ही गोष्टी चुकीच्या होत्या हे एका रविवारी, जाहीर सूचनांच्या वेळी, दोन वाक्यांत सांगून टाका.

आजाऱ्यांसाठीच्या प्रार्थनेच्या वेळी दर वेळेला सांगा की डॉक्टरांनी दिलेलं औषध बंद करू नका.

आणि ज्याला पुढे बोलावून उभं केलं त्या मुलाच्या घरी पाळकसाहेबांनी स्वतः जावं. त्याने काही चूक केली नाही, हे त्याच्या आईबापांसमोर त्याला सांगावं. बाकीचं सगळं पुढच्या मीटिंगपर्यंत थांबलं तरी चालेल, हे थांबू नये. मे महिन्यापासून तो उपासनेला आलेला नाही. मार्चमध्ये त्याची परीक्षा आहे.

माझं नाव यादीत परत घाला असं मी मागत नाही. येत्या रविवारी मी नेहमीप्रमाणे बायकांच्या बाजूला, दुसऱ्या बाकावर असेन. उत्तर तिथं दिलंत तरी चालेल, पण या वेळी ते लेखी असावं ही विनंती.

प्रभूमध्ये तुमची भगिनी,
शब्बाथ शाळेची एक माजी शिक्षिका